ढळलेला तराजू

नव्या ग्रंथाच्या दोन प्रती मासिकाकडे अभिप्रायार्थ पाठविण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. ग्रंथ प्रकाशकाचा, प्रत विनामूल्य, आणि अभिप्राय मात्र वाचकासाठी, अशी ही तिघांची व्यवस्था. तीत संकोचाला जागा आहे हे सर्वांस ठाऊक असते. तथापि जाणत्या वाचकाला 'साभार पोच' आणि परखड परीक्षण यांतील भेद कळतो. शिवाय दुकानात उभ्याउभ्या पुस्तक चाळून पाहण्याची वाट त्याला मोकळी असतेच. परंतु जी वस्तू साठ-सत्तर डॉलरांना मिळते, एकदा उघडल्यावर जी दुकानदार बहुधा परत घेत नाही, आणि दहा-वीस तास खर्चिल्यावाचून जिचे गुणदोष उमगत नाहीत, तिच्या बाबतीत परीक्षकाच्या शब्दाला केवढे मोल येत असेल याची कल्पना करावी. व्हिडिओ गेम ही अशी वस्तू होय. या खेळांच्या परीक्षकांवर खेळणाऱ्यांनी प्रथम भाबडेपणाने विश्वास ठेवला आणि पुढे तो हळूहळू काढून घेतला. ही हकीगत केवळ लाचलुचपतीची म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती तशी वाटत नाही. परीक्षकाच्या चरितार्थाचा भार कोणी वाहिला, या प्रश्नाभोवती ती फिरते. आणि तीत खेळणाऱ्यांचा स्वतःचा वाटाही लहान नाही.

१९८१ साली अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' आणि इंग्लंडात 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' ही मासिके निघाली, तेव्हापासून या परीक्षणाचा आरंभ धरता येईल. त्याची गरज किती होती हे लवकरच दिसले. १९८२ च्या नाताळासाठी अटारी कंपनीने एका लोकप्रिय चित्रपटावरून 'ई. टी.' हा खेळ सुमारे पाच आठवड्यांत तयार करवून बाजारात आणला. न खपलेला माल इतका उरला की, १९८३ साली न्यू मेक्सिकोतील आलमोगोर्डो येथे कंपनीने आपले खेळ जमिनीत पुरले. २०१४ साली उत्खनन करून ते बाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी, म्हणजे १९८३ मध्ये, अमेरिकेतील हा सारा धंदा कोसळला. वाईट मालाने बाजार भरून जातो तेव्हा ग्राहकाला निवड करून देणारा कोणीतरी हवा असतो. ही जागा मासिकांनी घेतली.

ती घेताना त्यांनी एक सोय केली. निर्णय आकड्यात सांगावयाचा. १९८४ साली निघालेल्या 'क्रॅश' या इंग्रजी मासिकाने शेकड्यात गुण दिले. जपानात १९८६ साली सुरू झालेल्या, पुढे 'फामित्सू' या नावाने प्रसिद्ध पावलेल्या नियतकालिकाने चार परीक्षकांकडून प्रत्येकी दहापैकी गुण घेऊन त्यांची बेरीज छापण्याची पद्धत रूढ केली. चाळीसपैकी चाळीस मिळविणारा पहिला खेळ १९९८ साली आला. पुढे ते भाग्य अनेकांस लाभले. शाळेत गुणपत्रिका पाहिलेल्या कोणालाही ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. परंतु शाळेतल्याप्रमाणेच येथेही पस्तिशीखालचा भाग हळूहळू ओस पडला. शंभरपैकी सत्तर म्हणजे सामान्य, नव्वद म्हणजे बरा, असा अर्थ रूढ होऊन बसला. 'अमिगा पॉवर' या इंग्रजी मासिकाने १९९१ ते १९९६ या आपल्या अल्प आयुष्यात पन्नास म्हणजे मध्यम असा सरळ हिशेब धरला आणि त्यापायी काही कंपन्यांचा रोषही ओढवून घेतला. ते अपवाद म्हणूनच आठवले जाते.

या मासिकांचा पैसा कोठून येत होता? काही अंशी वर्गणीतून; पण मोठा भाग ज्यांच्या मालाचे परीक्षण करावयाचे त्यांच्याच जाहिरातींतून. काही ठिकाणी तर पडदाही नव्हता. १९८८ पासून निघणारे 'निन्टेन्डो पॉवर' हे खुद्द निन्टेन्डो कंपनीचे मासिक होते. १९९१ साली सुरू झालेले 'गेम इन्फॉर्मर' खेळ विकणाऱ्या दुकानाचे होते, आणि पुढे गेमस्टॉप या बड्या दुकानसाखळीच्या मालकीचे झाले. वाचक ही मासिके आनंदाने वाचत, आणि त्यांत मनापासून लिहिणारी माणसे होती यात संशय नाही. पण तराजू ज्याच्या दुकानात टांगलेला, त्याच्याच मालाचे वजन त्यात होत होते.

जाहिरातीहून सूक्ष्म असे दुसरे बंधन होते. खेळ बाजारात येण्यापूर्वी परीक्षण छापावयाचे, तर त्याची प्रत कंपनीनेच आगाऊ द्यावयास हवी. ती कोणाला द्यावी, केव्हा द्यावी आणि परीक्षण कोणत्या घटकेपर्यंत प्रसिद्ध करू नये, हे सर्व कंपनीच्या हाती. २००४ च्या जूनमध्ये अटारीने प्रसिद्ध केलेल्या 'ड्रायव्हर ३' या खेळास एकाच प्रकाशनसंस्थेच्या 'पीएसएम २' व 'एक्सबॉक्स वर्ल्ड' या दोन इंग्रजी मासिकांनी सर्वांच्या आधी दहापैकी नऊ गुण दिले. खेळ हाती पडताच तो दोषांनी भरलेला असल्याचे लोकांना आढळले. अन्यत्र त्याला तीन गुणही मिळाले. कोणताही सौदा सिद्ध झाला नाही. परंतु संशयाला सिद्धतेची गरज नसते. त्याला दोन आकड्यांमधील अंतर पुरते.

आकड्यांचे हे राज्य तोपर्यंत अधिकच विस्तारले होते. २००१ साली सुरू झालेले मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ सर्व परीक्षकांचे गुण एकत्र करून त्यांची भारित सरासरी देई. ग्राहकांसाठी केलेली ही सोय लवकरच कंपन्यांच्या करारपत्रांत शिरली. २०१० सालचा 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा खेळ रचणाऱ्या ऑब्सिडियन या मंडळीस सरासरी ८५ आल्यास अधिक मोबदला मिळावयाचा होता, ती ८४ आली आणि मोबदला हुकला. एका आकड्यावर कारागिरांचे वेतन अवलंबून आहे हे कळल्यावर तो आकडा लिहिणाऱ्याचा हात निर्विकार राहील, अशी अपेक्षा कोणी करावी?

या काळातील सर्वांत बोलका प्रसंग जेफ गर्स्टमन या परीक्षकाचा होय. तो गेमस्पॉट या अमेरिकेतील अग्रगण्य संकेतस्थळाच्या संपादकवर्गात वरिष्ठ होता. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने 'केन अँड लिंच' या खेळास दहापैकी सहा गुण दिले. त्याच सुमारास त्या संकेतस्थळाचे दर्शनी पान याच खेळाच्या जाहिरातीने मढविलेले होते. थोड्याच दिवसांत त्याला कामावरून काढण्यात आले. मालकांनी संबंध नाकारला. त्याला स्वतःला कराराने तोंड बंद ठेवावे लागले. अनेक सहकारी राजीनामे देऊन बाहेर पडले. अखेर मार्च २०१२ मध्ये बंधन सुटल्यावर त्याने सांगितले की, कमी गुणांमुळे जाहिरातदार रुष्ट होत होते आणि अननुभवी व्यवस्थापन त्या दडपणापुढे वाकले. खेळणाऱ्यांचा जो संशय होता त्याला आता प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळाला.

परंतु या कथेचा एक भाग सांगताना बहुतेकजण गाळतात. याच गर्स्टमनने आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, 'झेल्डा' मालिकेतील 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या खेळास ८.८ गुण दिले होते. हे गुण थोडे नव्हेत. तरी नवांहून कमी दिल्याबद्दल त्याच्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला, आणि तो कोणा जाहिरातदाराने नव्हे, खेळणाऱ्यांनीच केला. बहुतेकांनी तो खेळ तेव्हा हातातही घेतलेला नव्हता. त्यांना परीक्षण नको होते. आधीच ठरविलेल्या खरेदीला आशीर्वाद हवा होता. एकाच माणसाला वर्षभराच्या अंतराने दोन कमी गुणांची शिक्षा झाली, एकदा वाचकांकडून आणि एकदा धन्याकडून. परीक्षकाने या दोन अनुभवांवरून कोणता धडा घेतला असता, हे सांगणे कठीण नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट फ्लॉरेन्स या लेखकाने युरोगेमर या इंग्रजी संकेतस्थळावर पत्रकार आणि कंपन्यांचे जाहिरात-अधिकारी यांच्या सलगीवर कठोर लेख लिहिला. कायदेशीर कारवाईच्या धाकाने त्यातील मजकूर वगळण्यात आला आणि फ्लॉरेन्सने ते सदर सोडले. टीका रास्त होती. तिची परिणती मात्र सर्वस्वी रास्त झाली नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये 'पत्रकारितेतील नीतिमत्ता' हे नाव घेऊन जे आंदोलन उसळले, त्याचा आरंभ एका तरुणीने लहानशा खेळासाठी संबंधातून अनुकूल परीक्षण मिळविले, या आरोपातून झाला. असे परीक्षण लिहिलेच गेले नव्हते. पुढे कित्येक स्त्रियांना धमक्या देण्यात आल्या, काहींना घर सोडावे लागले. काही संकेतस्थळांनी हितसंबंध उघड करण्याचे नियम कडक केले, हा त्यातून निघालेला अल्पसा लाभ. पण न्याय्य तक्रार द्वेषाच्या हाती गेली की तिचे काय होते, याचे हे उदाहरण विसरू नये. जाहिरातदारांच्या सत्तेला त्या गदारोळाने धक्काही लागला नाही.

विश्वास गमावलेले लोक मग कोठे गेले? प्रथम ते खेळता खेळता बोलणाऱ्या, स्वतःचे चित्रण प्रसिद्ध करणाऱ्या हौशी मंडळींकडे वळले. हे आपल्यासारखेच, कोणाचे मिंधे नसलेले, असा समज होता. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने वॉर्नर ब्रदर्स कंपनीविरुद्धचे प्रकरण तडजोडीने मिटविले, तेव्हा उघड झाले की, २०१४ सालच्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या खेळाची भलामण करण्यासाठी अशा लोकप्रिय मंडळींना शेकड्यांपासून हजारो डॉलरांपर्यंत रकमा दिल्या होत्या, दोष दाखवू नयेत अशी अट होती, आणि पैशाचा उल्लेख सहजी दिसणार नाही अशा जागी होता. ती चित्रणे ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. जुन्या संपादकाच्या आणि जाहिरात-विभागाच्या मध्ये निदान एक भिंत असे, भले ती पडकी असो. येथे दोघे एकाच खुर्चीत बसलेले होते.

मग लोकांनी एकमेकांवर विसंबावयाचे ठरविले. स्टीम या विक्रीकेंद्राने २०१३ च्या अखेरीस ग्राहकांचे अभिप्राय घेण्यास आरंभ केला होता. ही लोकशाही पुष्कळ अंशी उपयोगी ठरली. पण तिच्यातही झुंडी शिरल्या. २०१६ साली आलेल्या 'फायरवॉच' या नाणावलेल्या खेळावर सप्टेंबर २०१७ मध्ये अकस्मात निंदेचा भडिमार झाला. खेळात काही बिघडलेले नव्हते. एका प्रसिद्ध चित्रणकाराने वर्णद्वेषी शब्द उच्चारल्यावरून खेळाच्या कर्त्यांनी त्याला आपला खेळ दाखविण्यास मनाई केली, एवढेच निमित्त. २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस' चा दुसरा भाग येताच, तो पुरा खेळून होणे शक्य नव्हते इतक्या वेळात, मेटाक्रिटिकवर हजारोंनी त्याला नीचांकी गुण दिले. पुढच्या महिन्यात त्या संकेतस्थळाला छत्तीस तास थांबण्याचा नियम करावा लागला.

आणि धंदेवाईक परीक्षकांचे दैन्य त्याच डिसेंबरात पुन्हा दिसले. 'सायबरपंक २०७७' या खेळासाठी ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. कंपनीने परीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती दिली, तीतील स्वतः टिपलेली दृश्ये दाखविण्यास मनाई केली, आणि जुन्या खेळयंत्रांवरील आवृत्ती दडवून ठेवली. गुण भरघोस मिळाले. १० डिसेंबरला खेळ आला आणि त्या जुन्या यंत्रांवर तो धड चालेचना. आठवडाभरातच सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्येच परत ठेवला. येथे कोणी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही. जेवढे ताटात वाढले तेवढ्याचीच चव परीक्षकांनी सांगितली. स्वयंपाकघर पाहण्याचा आग्रह मात्र धरला नाही.

यावर उपाय शोधले गेले. युरोगेमरने फेब्रुवारी २०१५ मध्ये गुण देणेच बंद केले. २०२३ साली ताऱ्यांच्या रूपाने ते परत आणले. यावरून आकड्याची चटक किती चिवट असते ते कळते. अधिक मूलगामी प्रयत्न चरितार्थाच्या अंगाने झाला. गर्स्टमन व त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली काढलेले 'जायंट बॉम्ब' पुढे वाचकांच्या वर्गणीवर उभे राहिले, अनेक धन्यांच्या हातून गेले, आणि मे २०२५ मध्ये त्यात काम करणाऱ्यांनीच ते विकत घेतले. २०२३ च्या नोव्हेंबरात 'एस्केपिस्ट' सोडून बाहेर पडलेल्या मंडळींनी 'सेकंड विंड' हे असेच आश्रयदात्या रसिकांच्या बळावर उभारले. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये गेमस्टॉपने तेहतीस वर्षांचे 'गेम इन्फॉर्मर' एका दिवसात बंद केले. २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले ते गन्झिला या खेळ निर्माण करणाऱ्या कंपनीच्या मालकीने. दुकानदाराचे मासिक कारखानदाराकडे गेले.

आमच्या मते या चाळीस वर्षांचा निष्कर्ष खेळांपुरता नाही. परीक्षण फुकट मिळावे आणि ते निर्भीडही असावे, या दोन अपेक्षा एकत्र नांदत नाहीत. ज्याचे मूल्य वाचक देत नाही त्याचे मूल्य दुसरा कोणीतरी देतो आणि वसूलही करतो. म्हणून ज्याला खरा अभिप्राय हवा त्याने त्याची वर्गणी भरावी. मात्र वर्गणीने काम संपत नाही. वर्गणीदारही धनी होऊ शकतो, आणि मनाजोगते न लिहिल्यास तोही पाठ फिरवू शकतो. आपल्या आवडीच्या कृतीस कोणी उणे म्हटले तर ते शांतपणे वाचून, पटले नाही तरी पुढच्या महिन्याची वर्गणी भरणारा वाचक जेथे आहे, तेथेच परीक्षक मोकळेपणाने लिहू शकेल. २००६ साली असे वाचक पुरेसे असते, तर २००७ मध्ये धन्याला तो निर्णय घेणे इतके सोपे गेले नसते.