कागदाचे फिनिश आणि छपाईचा रंग

कागदाच्या पृष्ठभागाची चकाकी, गुळगुळीतपणा, शोषकता आणि पोत या सगळ्यांना मिळून छपाईच्या व्यवहारात फिनिश म्हणतात. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, पाकिटे, फोल्डर, लग्नपत्रिका अशी मागणीप्रमाणे छापून घ्यायची स्टेशनरी ठरलेल्या रंगात उतरते की नाही, हे शाई आणि मशीनइतकेच, आणि पुष्कळदा त्यांच्याहून अधिक, या पृष्ठभागावर ठरते. ग्राहक आधी रंग पसंत करतो आणि कागद शेवटी, दर विचारताना ठरवतो. छापखान्यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

पुणे-आळंदी रस्त्यावरच्या दिघीत हा प्रश्न दोन्ही अंगांनी भेटतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतल्या या भागाला लागून भोसरीची औद्योगिक वसाहत आहे आणि नाशिक रस्त्याने पुढे चाकण. दुसऱ्या बाजूला काही किलोमीटरवर आळंदी. तिथल्या धर्मशाळा आणि मंगल कार्यालयांत लग्नसराईत लग्नामागून लग्ने लागतात. कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकाला लेटरहेडवर, कार्डावर आणि खोक्याच्या लेबलवर एकच निळा हवा असतो. लग्नघराला पत्रिकेवर कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा हवा असतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे निघते, तेव्हा दिंड्यांच्या आणि स्वागत मंडळांच्या पत्रकांवर भगवा हवा असतो. हे सगळे रंग फिनिश बदलले की बदलतात, आणि प्रत्येक रंग वेगळ्या तऱ्हेने बदलतो.

कारण प्रकाशात आहे. वाळलेल्या शाईवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश शाईत न शिरता वरच्या वर परततो. त्याला शाईचा रंग लागत नाही, तो पांढराच राहतो. ग्लॉस कागदाचा पृष्ठभाग सपाट असल्याने हा प्रकाश एकाच दिशेने जातो आणि कार्ड जरा तिरपे धरले की नजर चुकवून निघून जातो. मॅट किंवा अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. मग कार्ड कसेही धरा, रंगात थोडा पांढरा मिसळलेलाच दिसतो. ते सगळे ४ टक्के असे विखुरले, तर शाई कितीही काळी असली तरी तिची घनता १.४ च्या वर जात नाही. कोरडी शहाबादी फरशी राखाडी दिसते आणि पाणी टाकताच काळीभोर होते, त्यामागेही हेच आहे. फरशीचा दगड तोच असतो, पाण्याने फक्त तिचा पृष्ठभाग सपाट केलेला असतो.

दुसरी गोष्ट शोषणाची. आर्ट पेपर आणि आर्ट कार्ड यांच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट आणि चिनी माती यांचा लेप असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून शाईतले तेल आत जाते आणि रंगद्रव्य वर राहते. मॅपलिथो किंवा बाँड कागदावर असा लेप नसतो. तिथे रंगद्रव्यही तेलाबरोबर तंतूंमध्ये उतरते आणि कडेने पसरते. म्हणून छापलेला टिंब प्लेटवरल्या टिंबापेक्षा मोठा दिसतो. छापखान्यात याला डॉट गेन म्हणतात. ऑफसेटच्या आयएसओ १२६४७-२ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे फाइलमधला ५० टक्क्यांचा टिंब चांगल्या कोटेड कागदावर ६६ टक्के धरायचा आणि अनकोटेडवर ७२ टक्के. कार्डासाठी केलेली फाइल तशीच लेटरहेडला लावली, की मधल्या छटा दाटतात आणि गडद भाग मात्र फिके पडतात, ते यामुळे. अशा वेळी शाई वाढवली तर छटा आणखी दाटतात आणि कमी केली तर गडद भाग आणखी उतरतो. मशीनवरचा माणूस मग दोन्हीकडून अडकतो. हे काम प्लेट निघण्याआधी, फाइलमध्येच व्हायला हवे.

फरक केवढा असतो, हे याच मानकाच्या २००४ च्या आवृत्तीतल्या आकड्यांवरून दिसते. तिथे उजळपणा शून्य ते १०० असा मोजला आहे. कोटेड कागदावरच्या काळ्याचा उजळपणा १६ आणि पांढऱ्या अनकोटेडवरच्या काळ्याचा ३१. परत येणाऱ्या प्रकाशाच्या हिशेबात बोलायचे, तर पहिला काळा सुमारे २ टक्के प्रकाश परत करतो आणि दुसरा जवळजवळ ७ टक्के, म्हणजे तिपटीहून जास्त. मॅजेन्टाचा उजळपणा ४६ वरून ५४ वर जातो आणि लालीचा आकडा ७२ वरून ५८ वर उतरतो. पिवळ्याचा पिवळेपणा ९० वरून ७५ वर येतो. दोन मॅजेन्टांमधले एकूण अंतर काढले, तर ते सुमारे १६ येते. मशीनवर पूर्ण भरीव रंगाला मानक जी सूट देते, ती ५ ची आहे. म्हणजे नुसता कागद बदलल्याने रंग जितका सरकतो, तो मशीनच्या मान्य चुकीच्या तिप्पट आहे. छापणाऱ्याने जीव ओतला तरी हे अंतर शाईने भरून निघत नाही.

याच मानकात ग्लॉस-कोटेड आणि मॅट-कोटेड या दोन्हींसाठी लक्ष्य मात्र एकच दिले आहे. ते महत्त्वाचे आहे. काउंटरवर वाद होतो तो ‘ग्लॉस की मॅट’ असा, पण रंगाची खरी दरी कोटेड आणि अनकोटेड यांच्यात आहे. ग्लॉस आणि मॅट यांतला फरक डोळ्यांना दिसतो, तरी मोजणीच्या यंत्राला तो कमी दिसतो. स्टेशनरीत सर्रास वापरले जाणारे यंत्र ४५ अंशांतून प्रकाश टाकते आणि सरळ वरून वाचते, म्हणून ग्लॉसची चकाकी त्याच्या वाचनातून गळते. हातात कार्ड धरणाऱ्याच्या डोक्यावर मात्र दिवा असतो आणि बाजूला खिडकी. यंत्राचा आकडा जुळला म्हणून ग्राहकाची तक्रार खोटी ठरवू नये, ती तक्रार बहुतेक वेळा खरीच असते.

भगव्याची गोष्ट सगळ्यांत अवघड. चार रंगांच्या छपाईत नारिंगी हा मॅजेन्टा आणि पिवळा मिळून तयार करावा लागतो, आणि झेंड्याच्या कापडावरचा तेजस्वी भगवा या चौघांच्या आवाक्याबाहेर राहतो. आर्ट पेपरवर तो जेमतेम जवळ येतो. अनकोटेडवर दोन्ही घटक एकदमच उतरतात, त्यामुळे रंग विटकरीकडे झुकतो. उपाय एकच : भगव्यासाठी वेगळी तयार शाई घ्यावी आणि तिची वेगळी प्लेट काढावी. पत्रके हजारांत छापायची असतील तर हा खर्च अंगावर येत नाही. शंभर-दोनशे पत्रकांसाठी तो परवडत नाही. तिथे कोटेड कागद घेणे आणि मोबाइलच्या पडद्यावरचा भगवा मिळणार नाही हे आधीच स्पष्ट सांगणे, एवढेच प्रामाणिकपणे करता येते. पडदा स्वतः उजेड देतो. कागद घेतलेल्या उजेडातला काही भाग परत देतो, तोही आपल्या पृष्ठभागाच्या मर्जीने.

लग्नपत्रिकेत कागदाचा स्वतःचा रंगही हिशेबात येतो. ऑफसेटच्या शाया पारदर्शक असतात, त्यामुळे खालचा कागद त्यांतून डोकावतो. हस्तिदंती कागदावर निळा हिरवट होतो. मोतिया चकाकीच्या कागदावर गणपतीच्या चित्रातले पांढरे भाग सोनेरी दिसतात आणि पत्रिका कलती केली की रंग बदलतो. जाड पोताच्या कागदावर खळग्यांत शाई पोहोचत नाही. डिजिटल मशीनची टोनर तर अशा खळग्यांवरून सुटूनच जाते आणि भरीव लालात पांढरे ठिपके राहतात. इथे स्क्रीन प्रिंटिंग उपयोगी पडते. ऑफसेटचा थर एक-दोन मायक्रॉनचा, तर स्क्रीनचा सहज १० मायक्रॉनच्या वर जातो. शाईही अपारदर्शक करता येते. गडद किंवा खरखरीत कागदावर कुंकवाचा लाल खणखणीत हवा असेल, तर जुन्या पद्धतीचा हा मार्ग अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

पांढऱ्या कागदातही एक गंमत दडलेली असते. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्ये घालतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश सोडतात. दिवसाच्या उजेडात असा कागद निळसर पांढरा दिसतो. नेहमीच्या एलईडी दिव्यात अतिनील भाग जवळपास नसतोच, म्हणून तोच कागद तिथे मंद, किंचित पिवळट भासतो आणि त्यावरचे फिके रंगही सरकतात. दुकानात पसंत केलेली पत्रिका अंगणात वेगळी वाटते ती यामुळे. रंग पाहण्यासाठी ५००० केल्विनचा दिवा प्रमाण मानतात. तो नसेल, तर ऊन थेट न येणाऱ्या खिडकीजवळ दिवसा पाहणे हा चांगला पर्याय आहे.

छपाईनंतर चढणारे लॅमिनेशन हेही फिनिशच आहे, आणि स्टेशनरीत ते सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. ग्लॉस फिल्मखाली रंग गडद आणि भरलेला दिसतो. मॅट फिल्म स्वतःच प्रकाश विखुरते, म्हणून काळा आणि गडद निळा तिच्याखाली धुकट होतात. मखमली स्पर्शाच्या फिल्मखालीही तसेच होते. त्या मॅट कार्डावर नावाला किंवा बोधचिन्हाला स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच भागावर चकचकीत वार्निश, दिले की तेवढ्या भागात रंग पुन्हा खोल होतो. एकाच शाईचे दोन रंग एकाच कार्डावर शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर याहून स्वच्छ नमुना मिळणार नाही. रिफ्लेक्स ब्लूसारखी निळी शाई सावकाश वाळते. ती पुरती वाळण्याआधी फिल्म किंवा वार्निश चढवले तर रंग बिघडण्याची भीती असते. तिला वेळ द्यावाच लागतो.

वरून चढवलेल्या थराने रंगाला खोली देण्याची युक्ती या परिसराला जुनीच ओळखीची आहे. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. पुणे-मुंबई लोहमार्गावर पिंपरी-चिंचवडहून मळवली फार लांब नाही. तिथली देवादिकांची चित्रे दगडावरून, प्रत्येक रंगाला वेगळा दगड घेऊन छापली जात. तैलचित्राचा भास यावा म्हणून अशा चित्रांवर, म्हणजे ओलिओग्राफवर, वार्निश देण्याची रीत होती. वार्निश बसले की साड्यांचे गडद लाल-हिरवे आणि मागचा काळोख खोल होई. याच्या अगदी उलट टोकाला पुण्यात शिवाजीनगरची, १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत आणि शोषक असतो. त्यावर रंग शांत, मातकट उतरतो, आणि ज्याला तसाच रंग हवा त्याला दुसरा कागद चालत नाही. तिसरा नमुना थेरगावातला, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पदमजी कारखान्याचा. तिथल्या ग्लासीनसारख्या खास कागदांना गुळगुळीतपणा लेपाने येत नाही, तो रुळांच्या जबर दाबाखाली तंतू चेपून आणलेला असतो. लेप न देताही पृष्ठभाग बदलता येतो, याचे हे शेजारचेच उदाहरण.

कारखान्याच्या निळ्याकडे परत यायचे, तर पॅन्टोनच्या रंगनमुन्यांच्या पुस्तिकेत एकाच क्रमांकापुढे ‘सी’ आणि ‘यू’ अशी अक्षरे असतात. पहिले कोटेडसाठी, दुसरे अनकोटेडसाठी. दोन्ही नमुन्यांत शाईचे मिश्रण एकच असते, बदललेला असतो तो फक्त कागद. काही निळ्यांत आणि नारिंगींत ही दोन पाने शेजारी ठेवली तर एका कुळातलीही वाटत नाहीत. ज्याला लेटरहेड आणि कार्ड एकमेकांशी जुळलेले हवे आहे, त्याने क्रमांक जुळवत बसू नये. कार्डावरचा रंग प्रमाण धरावा आणि अनकोटेडवर त्याच्या जवळ दिसणारा दुसरा क्रमांक निवडावा. हे काम ऑर्डर देण्याआधी अर्ध्या तासात होते. छपाईनंतर ते होऊच शकत नाही.

प्रूफ पाहण्यालाही याच कारणाने शिस्त लागते. ग्लॉस कागदावर काढलेले डिजिटल प्रूफ मॅपलिथोवरच्या कामाची हमी देत नाही. प्रूफ त्याच कागदावर, आणि लॅमिनेशन होणार असेल तर लॅमिनेशनसकट पाहावे. मशीनमधून निघालेला ओला कागद लगेच पसंत करू नये. ओली शाई चकाकते म्हणून दाट दिसते, आणि वाळताना, विशेषतः अनकोटेडवर, रंग उतरतो. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, वाळायला आणखी वेळ जातो. मॅट कोटेडवरची न लॅमिनेट केलेली गडद छपाई त्या दिवसांत घासली की शेजारच्या कागदाला लागते. ऑर्डरच्या चिठ्ठीवर ‘निळे कार्ड’ एवढे लिहून भागत नाही. ‘३०० जीएसएम आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन, लोगोला स्पॉट यूव्ही, रंग पसंत केलेल्या लॅमिनेट नमुन्याप्रमाणे’ असे लिहिले, तर छापणाऱ्याला नेमके काय जुळवायचे ते कळते. सही केलेला तो नमुना पाकिटात, उन्हापासून दूर ठेवावा. पाकिटात साठवलेल्या जुन्या कार्डापेक्षा वर्षभर टेबलाच्या काचेखाली राहिलेले कार्ड उजेडाने पिवळट झालेले असते, आणि पुढच्या छपाईला ते नमुना म्हणून दिले तर नवा रंग पहिल्याच कागदापासून चुकतो.