हरवलेली स्वरलिपी आणि एक रॉक बँड

१/ २४ सप्टेंबर १९६९. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एकाच रंगमंचावर दोन निराळ्या जगांतले वादक बसले होते. एकीकडे रॉयल फिलहार्मोनिक हा प्रतिष्ठित वाद्यवृंद, तर दुसरीकडे ‘डीप पर्पल’ हा जेमतेम दीड वर्षाचा रॉक बँड.

२/ ‘कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ ही रचना बँडचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांची. बालपणी त्यांनी पियानोचे अभिजात शिक्षण घेतले होते. रचनेचे भाग तीन. पहिल्यात बँड आणि वाद्यवृंद परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून समोर येतात. अखेरच्या भागात ते एकत्र वाजू लागतात.

३/ प्रत्यक्षातला संघर्ष तालमीतच सुरू झाला. वाद्यवृंदातील काही वादकांना रॉकविषयी उघड तुच्छता होती. संचालक माल्कम अर्नोल्ड यांनी त्यांना खडसावले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळवलेल्या या संगीतकाराचा शब्द मोडणे सोपे नव्हते. बँडमध्येही एकमत नव्हते. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांना या प्रयोगात फारसा रस नव्हता आणि गायक इयन गिलन यांनी गीताचे शब्द ऐन वेळी लिहिले.

४/ मूळ पेच कार्यपद्धतीचा होता. वाद्यवृंद समोरच्या कागदावर लिहिलेलेच वाजवतो. रॉकवादक जागच्या जागी विस्तार करतो. म्हणून लॉर्ड यांनी स्वरलिपीतच बँडच्या उत्स्फूर्त वादनासाठी मोकळ्या जागा ठेवल्या. श्रोत्यांनी भरभरून दाद दिली, अखेरचा अंश पुन्हा वाजवावा लागला. मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणही झाले.

५/ ऑगस्ट १९७० मध्ये अमेरिकेतील हॉलिवुड बोल येथे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसोबत हा प्रयोग पुन्हा झाला. त्याच वर्षी मूळ स्वरलिपी हरवली. स्वरलिपीवाचून वाद्यवृंदाला एक सूरही वाजवता येईना. रचना ध्वनिमुद्रिकेत जिवंत होती, रंगमंचावर मात्र मूक झाली.

६/ पुढे मार्को द गूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकून आणि चित्रफीत पाहून एकेका वाद्याचे स्वर कागदावर उतरवले. उरलेल्या जागा खुद्द लॉर्ड आणि संचालक पॉल मान यांनी भरून काढल्या. २५ आणि २६ सप्टेंबर १९९९ रोजी, तीस वर्षांनी, त्याच सभागृहात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ‘कन्चेर्टो’ पुन्हा निनादला.

७/ अभिजात संगीताचा दस्तऐवज म्हणजे स्वरलिपी, रॉकचा दस्तऐवज म्हणजे ध्वनिमुद्रण. येथे लिखित साधन नष्ट झाले आणि ध्वनिमुद्रणाने ते परत मिळवून दिले. १९६९ साली ज्या वादकांनी रॉकला कमी लेखले, त्यांच्या वाट्याचे सूर अखेर रॉकच्याच दस्तऐवजाने राखले होते. लिखित पुराव्यालाच इतिहास मानणाऱ्याने ही मैफल एकदा ऐकावी.