‘शुद्ध मराठी’ या शब्दजोडीची कुळकथा

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडचं पोर पुण्यात शिकायला जातं, सहज ‘मले माहीत नाही’ म्हणतं आणि शेरा ऐकतं: तुझी मराठी अशुद्ध आहे. तेच पोर भोपाळला गेलं तर त्याच्या हिंदीलाही हाच शेरा मिळतो. ‘शुद्ध मराठी’, ‘अशुद्ध मराठी’ या जोड्या आपल्या तोंडात इतक्या बसल्या आहेत की त्यांतला पक्षपात जाणवेनासा झाला आहे. इंग्रजीतही तेच. ‘ब्रोकन इंग्लिश’ म्हटलं की बोलणाऱ्याची पायरी खाली जाते, ‘क्वीन्स इंग्लिश’ म्हटलं की वर चढते. वर्णन भाषेचं असतं, निवाडा मात्र माणसाचा होतो.

या जोडीची पूर्वज म्हणजे ‘संस्कृत-प्राकृत’. एक संस्कार केलेली भाषा, दुसरी लोकांच्या तोंडची स्वाभाविक. या दुसरीची बाजू उचलून धरली गेली ती आमच्या शेजारीच. पांढुर्ण्याच्या नैर्ऋत्येला वरुड, त्यापुढे मोर्शी. त्याच तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तिथे सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, कारण महानुभाव पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं. भाषेची किंमत ती कोणापर्यंत पोचते यावर ठरवणारा हा निर्णय याच मुलखातला आहे.

पुढे छापखाना आला आणि जोडीने नवं रूप घेतलं. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 मध्ये. शालेय पुस्तकांवरून मेजर टॉमस कॅन्डी यांचा हात फिरत होता. पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण वर्गाच्या बोलण्याचं वळण प्रमाण ठरलं. राज्यकारभार आणि शाळा चालवायला एक ठरीव मराठी हवी होती, त्यामुळे एक वळण निवडणं भागच होतं. पण हे माप ठरत होतं तेव्हा छिंदवाड्याकडचा हा पांढुर्णा-सौंसरचा भाग मुंबई इलाख्यात नव्हताच, तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ज्यांना विचारलंच नव्हतं, त्यांचं बोलणं पुढे त्याच मापाने मोजलं गेलं.

महाराष्ट्र सरकारने 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम स्वीकारले, 1972 मध्ये त्यांत भर पडली. ते होते ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे, म्हणजे लिहिण्याचे. आपण त्यांना ‘शुद्धलेखन’ म्हटलं, आणि त्यातला ‘शुद्ध’ वहीतून उठून माणसाच्या जिभेवर जाऊन बसला.

पांढुर्ण्याकडच्या या बोलण्यात खरंच अशुद्ध काय आहे? मले, तुले, त्याले, आमाले, घराले: ‘ला’च्या जागी ‘ले’ सगळीकडे सारखाच येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’; ‘ळ’चा ‘य’ होण्याची ही वऱ्हाडी वळणाची रीत आहे. ‘काय करून राहिला?’ यात चालू असलेलं काम नेमकं दिसतं. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरीचे नमुने व्याकरणासह नोंदले आहेत. चूक असती तर तिला नियम नसता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी आणि दफ्तरात हिंदी असा संसार सुरू झाला. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी दोन्हीकडच्या ‘शुद्ध’वाल्यांपुढे इथल्या माणसाला आजही अवघडून बोलावं लागतं. त्यामुळेच अनेक घरांत आईबाप मुलांशी मराठी बोलणं सोडतात. एखादी बोली अशीच मरते: तिच्यावर कोणी बंदी घालत नाही, तिच्या लेकरांना तिची लाज वाटायला लावली जाते.

आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. हा मान ज्या मातीला मिळाला, तिच्या बोलीला अशुद्ध म्हणणं आता तरी थांबावं. प्रमाण मराठी जरूर शिकवावी, सर्वांना जोडणारी लेखनाची भाषा म्हणून ती हवीच. शिक्षकांना एवढीच विनंती: वहीतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, पण पोराच्या ‘मले’वर लाल रेघ ओढू नका.