शकुंतलेची ओस स्थानके

मूर्तिजापूरहून कारंज्याकडे येताना भडशिवनी आणि पोहा ही दोन लहान गावे लागतात. दोन्ही गावांना रेल्वेचे स्थानक होते. आज तेथे गाडी येत नाही. अशा ओस स्थानकाला इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. आम्हांस मात्र वाटते की, वऱ्हाडच्या कापसाची सारी कहाणी तेथे वाचता येते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही लाइन मुळात उतारूंसाठी घातलीच नव्हती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोचला व मूर्तिजापूर त्यावर आले. पण कापूस पिकत होता तो आत, कारंजा-दारव्हा-यवतमाळच्या काळ्या जमिनीत. कारंज्याची पेठ तर अशी की, 1886 साली देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार तेथेच स्थापन झाला. तो माल मुख्य लाइनीवर आणण्यासाठी किलिक निक्सन या विलायती पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी अडीच फुटी रूळ घातले. मूर्तिजापूर ते यवतमाळ अंतर 113 किलोमीटर. कापूस निघाला मँचेस्टरला. आणि मँचेस्टरला 1921 साली घडलेल्या वाफेच्या इंजिनाने 1923 पासून 1994 पर्यंत हीच गाडी ओढली!

पण धन्याचा हेतू एक आणि लोकांचा उपयोग दुसरा. बाजारकरी, मजूर, माहेरवाशिणी या गाडीत बसल्या. तिकीट स्वस्त, गाडी संथ. लोकांनी तिला शकुंतला म्हटले, आणि कंपनीची गाडी गावाची झाली.

मग ती बंद का पडली? 1951 साली मध्य रेल्वे स्थापन झाली, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारने चालवायची, रूळ कंपनीचे. गाठी ट्रकने जाऊ लागल्या तेव्हा पैसा घालण्याची निकड कोणालाच उरली नाही. रूळ जीर्ण झाले, वेग मंदावला, आणि शेवटी गाडीच थांबली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा.

नाटकातल्या शकुंतलेला राजा विसरला, पण मुद्रिका सापडताच त्याला ओळख पटली. आपल्या शकुंतलेची मुद्रिका म्हणजे रुंद रूळ. ते पडतील तेव्हा पडोत. पण या लाइनीवर ज्यांनी आयुष्यभर प्रवास केला, त्या वृद्धांच्या आठवणी तरी आपण आजच लिहून घेऊ. कंपनीच्या हिशेबात गाठींची नोंद असेल, माणसांची नाही.