आमच्या गॅरेजचं छप्पर

गेली काही वर्षं आपल्या मंडळात गणपतीच्या महाप्रसादानंतर गप्पांचा एक विषय ठरलेला असतो: घर. कुणी घेतलंय, कुणी शोधतंय, कुणी बँकेच्या हप्त्यांची गणितं मांडतंय. २००० साली जर्मन सरकारनं ग्रीन कार्ड काढलं, त्या योजनेतून आणि तिच्या मागोमाग आपल्यापैकी बरेच जण इथे आले. "दोन-तीन वर्षांत परत जाऊ" म्हणता म्हणता मुलं अबिटुअरला बसली. नवी घरं परवडत नाहीत, म्हणून जुनी घेतली जातात. साठ-सत्तर सालातली, तळघर आणि गॅरेज असलेली, डाव्या हाताला सफरचंदाचं झाड. आमचंही तसलंच, १९६८ सालचं, बॉबलिंगेनच्या एका चढावरचं.

दोन वर्षांपूर्वी गॅरेजवर सोलर बसवायचं ठरवलं. कंपनीचा माणूस आला, शिडीवरून दोन मिनिटं वर पाहिलं, खाली उतरला आणि म्हणाला, "याच्यावर बसवता येणार नाही. कायद्यानं बंदी आहे." छप्पर राखाडी, नागमोडी सिमेंटच्या पत्र्याचं होतं. अगदी डोंबिवलीच्या आमच्या चाळीमागच्या न्हाणीघरावर होतं तसं. त्या पत्र्याला भोक पाडून काकांनी कपडे वाळत घालायची तार ओवली होती, आणि खाली पडलेला राखाडी भुसा आजीनं खराट्यानं झाडून काढला होता, हे मला लख्ख आठवलं. इथे त्याच पत्र्यापुढे हा सहा फुटी माणूस दोन पावलं मागे सरकला होता. हा काय प्रकार आहे म्हणून वाचायला लागलो आणि वाचतच गेलो. त्यातलं थोडं इथे सांगतो.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'न विझणारं'. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर अथेना देवीपुढे अखंड जळणारा सोन्याचा दिवा होता आणि त्याची वात न जळणाऱ्या धाग्याची होती, असं पाउसानियासनं लिहून ठेवलं आहे. आपल्या नंदादीपाची वात रोज बदलावी लागते, या वातीला ते दुखणं नव्हतं. युरोपात लोक समजत, की आगीत न जळणारं हे कापड सॅलमँडर नावाच्या प्राण्याच्या लोकरीचं असतं. मार्को पोलोनं हा धागा खाणीतून निघतो असं ऐकलं आणि प्राणी-बिणी काही नाही, हे चक्क जमिनीतून काढतात, असं सांगून टाकलं.

पण वातीपासून छपरापर्यंतचा प्रवास घडवला तो लुडविग हाटशेक या ऑस्ट्रियन कारखानदारानं. फ्योक्लाब्रुक गावी त्याचा अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना होता. कागद बनवतात त्या यंत्रावर कागदाच्या लगद्याऐवजी सिमेंट, पाणी आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे घातले तर पातळ आणि कमालीचा टणक पत्रा निघतो, हे त्यानं १९०० च्या सुमारास सिद्ध केलं. नऊ हिस्से सिमेंट, एक हिस्सा अ‍ॅस्बेस्टॉस. नाव ठेवलं 'एटर्निट', लॅटिनमधल्या शाश्वत या अर्थाच्या शब्दावरून. आग लागत नाही, कुजत नाही, गंजत नाही, आणि किंमत कौलांहून कमी. नाव अगदी खरं ठरलं, हीच पुढची अडचण झाली.

त्याचा त्रास फार उशिरा कळला असं म्हणतात, ते मला पटत नाही. इंग्लंडमध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी १९३० साली गिरणी कामगारांची तपासणी करून सरकारला अहवाल दिला आणि १९३१ मध्ये तिथे धूळ आवरण्याचे नियम आले. जर्मनीत १९३६ साली अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे या धुळीनं फुप्फुसं कडक होण्याचा आजार, भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला गेला. आणि जानेवारी १९४३ मध्ये, स्टालिनग्राडची लढाई संपत आलेली असताना, अ‍ॅस्बेस्टोसिसबरोबर होणारा फुप्फुसाचा कर्करोगही त्याच यादीत आला. इतर देशांच्या कितीतरी आधी. कायदा करणारं सरकार कसलं होतं ते वेगळं सांगायला नको, पण यादी खरी होती.

त्याच १९४३ सालच्या ऑक्टोबरमध्ये, ७ तारखेच्या रात्री, बॉबलिंगेनवर बाँब पडले. टेकडीवरचं जुनं गाव, राजवाडा, डियोनिसियुस चर्च जळालं. चर्च पुन्हा बांधलं, राजवाडा गेला तो गेलाच. मार्केट प्लाट्झवर उभं राहिलं की हे गाव इतकं जुनं असून घरं इतकी नवी कशी, असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे. युद्धानंतर निर्वासित आले, मग झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यासाठी कामगार आले, मग संगणकवाले आले. सगळ्यांना घरं हवी होती, लगेच हवी होती आणि स्वस्त हवी होती. छपराला नागमोडी एटर्निट, भिंतींना त्याच मालाच्या छोट्या पाट्या, बाल्कनीत फुलांच्या कुंड्यादेखील त्याच्याच. जमिनीवर चौकोनी फ्लेक्स लाद्या आणि त्यांच्याखाली काळा डांबरी गोंद. रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणाऱ्या हीटरच्या पोटातही अ‍ॅस्बेस्टॉस. भिंतीची भोकं बुजवायच्या लांबीत आणि टाइल्सच्या गोंदात तर तो इतका सहज मिसळला जाई की आज डोळ्यांनी ओळखणं अशक्य. १९४३ ची यादी कुठल्याशा फायलीत होतीच, पण ती कारखान्यातल्या विणकरांसाठी होती. छपरावरच्या सुताराचा, गवंड्याचा विचार कुणी केला नव्हता.

तो करावा लागला १९६० नंतर. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यातले कित्येक खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते आसपास राहत होते, काही तर लहानपणी. पाठोपाठ १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेलिकॉफ यांनी इमारतींना आवरण घालणाऱ्या कामगारांचे मृत्यू मोजून दाखवले. धागा फुप्फुसात रुततो आणि तिथेच राहतो. आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षं लागतात. म्हणूनच जर्मनीत बंदी येऊन तीन दशकं उलटली तरी कामावर अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ खाल्लेली दीड हजारांच्या आसपास माणसं अजून दरवर्षी दगावतात.

बंदी टप्प्याटप्प्यानं आली. फवारून लावायचा अ‍ॅस्बेस्टॉस पश्चिम जर्मनीत १९७९ साली थांबला. पूर्व जर्मनीनं तो दहा वर्षं आधीच, १९६९ मध्ये, बंद केला होता, आणि तरीही बर्लिनचा आपला दिमाखदार 'पालास्ट डेर रेपुब्लिक' सत्तरच्या दशकात त्यानंच भरून काढला! १९९० च्या सप्टेंबरमध्ये, देश एक व्हायला दोन आठवडे उरले असताना, त्या संसदभवनाला टाळं लागलं. आतला अ‍ॅस्बेस्टॉस काढायला २००३ उजाडलं आणि नंतर इमारतच पाडून टाकली. सर्वसाधारण बंदीची तारीख ३१ ऑक्टोबर १९९३. ही तेवढी पाठ करा. तुमच्या घराचं बांधकाम त्याआधी सुरू झालं असेल तर घरात कुठे ना कुठे तो असू शकतो, असं धरून चालायचं. फ्लुगफेल्डवरच्या, जुन्या विमानतळाच्या जागी उठलेल्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. भारतात सिमेंटच्या पत्र्याचा पहिला कारखाना १९३४ साली मध्य प्रदेशात कैमोर इथे निघाला, आणि नंतर मुलुंडलाही. मुंबईच्या झोपडपट्ट्या, चाळी, शाळा, गोदामं, रेल्वे फलाट, सगळ्यांवर हेच छप्पर. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय नोंदी चाळीस वर्षं जपण्याचा आदेश दिला. डॉ. मुरलीधर आणि कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका कारखान्यातले १८१ कामगार तपासले, तेव्हा पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर मात्र भारतात बंदी नाही. तो आयात होतो आणि पत्रे आजही विकले जातात. २००६ साली फ्रान्सची 'क्लेमान्सो' ही युद्धनौका अ‍ॅस्बेस्टॉस पोटात घेऊन मोडायला अलंगकडे निघाली होती. बराच गदारोळ झाल्यावर राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती अर्ध्या वाटेवरून परत बोलावली, आणि शेवटी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती मोडली. पॅरिसला नको ते गुजरातला चालेल, हा हिशेब निदान त्या वेळी तरी जुळला नाही.

आता आमच्या गॅरेजकडे वळतो. शेजारचे आजोबा, ज्यांना आमची मुलं ओपा म्हणतात, आयुष्यभर छपरांचं काम करत होते. त्यांना सांगितलं, "पुढच्या शनिवारी मित्रांना बोलावून पत्रे उतरवतो." ते कुंपणाशी आले आणि म्हणाले, "मित्रांना जेवायला बोलाव." मग त्यांनी समजावलं, ते असं. पत्रा शाबूत असेपर्यंत धागा सिमेंटमध्ये बांधलेला असतो. तो सुटतो कापताना, भोक पाडताना, घासताना आणि उंचावरून टाकल्यावर. शेवाळ काढायला प्रेशर वॉशर मारणं तर कायद्यानंच मना आहे. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, त्यामुळे अ‍ॅस्बेस्टॉसच्या आधी पायाखालचं छप्परच जीव घेऊ शकतं. त्यांच्या एका सोबत्याचं तसंच झालं होतं. दुसऱ्या एकाला साठीनंतर धाप लागायला लागली आणि दीड वर्षात तो गेला. त्याबद्दल ते जास्त बोलले नाहीत.

आम्ही प्रशिक्षण-प्रमाणपत्र असलेली कंपनी बोलावली. अशा कंपनीला काम सुरू करण्यापूर्वी किमान सात दिवस आधी सरकारी खात्याला कळवावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये नियम आणखी बदलले आहेत. आता काम देणाऱ्या घरमालकानंही, बांधकाम कधीचं आणि काय माहीत आहे, ते कंपनीला सांगायचं असतं. त्या दिवशी दोन माणसं पांढऱ्या पोशाखात, नाकावर मास्क लावून आली. पत्रे फवाऱ्यानं भिजवले, स्क्रू एकेक करून सोडवले आणि अख्खे पत्रे हातांनी खाली घेऊन मोठ्या छापील पिशव्यांत ठेवले. कुठे आवाज नाही, धूळ नाही. आपल्याकडचं पाडकाम आठवून मला गंमत वाटली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, "सोवळ्यात चाललंय अगदी!"

या पिशव्या घरच्या कचऱ्यात जात नाहीत, बांधकामाच्या राडारोड्यातही नाही. आपल्या बॉबलिंगेनच्या कचरा जाळून वीज-उष्णता करणाऱ्या प्रकल्पात तर नाहीच. जो पदार्थ मुळी जळत नाही, तो भट्टीत घालून काय करणार? त्याची जागा म्हणजे परवानगी असलेली डेपोनी. तिथे बंद पिशव्या ठराविक भागात रचून मातीखाली पुरतात. कुठल्या डेपोनीत, कुठल्या दिवशी, कशा पिशवीत आणि टनाला काय दर, हे लांडराट्सआम्टच्या कचरा विभागाला फोन करून आधीच विचारायचं. उगाच गाडी भरून दारात गेलात तर परत पाठवतात. जंगलाच्या कडेला टाकून यावं असं कुणाच्या मनात आलं, तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि खास आपल्या स्वभावासाठी एक सांगतो: "चांगले आहेत की पत्रे, कुणाच्या तरी बागेतल्या खोपटाला होतील" म्हणून ते फुकटही देता येत नाहीत. माझ्या तोंडून हे वाक्य निघालंच होतं.

लादी, लांबी, गोंद यांची शंका असेल तर तुकडा प्रयोगशाळेत पाठवता येतो. जागा ओली करायची, चिमूटभर तुकडा, दोन बंद पिशव्या. तपासणीला चौघांच्या एका साध्या जेवणाइतका खर्च येतो.

हे मला एवढं नीट माहीत आहे त्याचं कारण छप्पर नाही, तळघर आहे. २००८ साली घर घेतलं त्या उन्हाळ्यात तळघरातल्या चौकोनी लाद्या मी स्वतः छिनी-हातोड्यानं काढल्या. दोन शनिवार लागले. थोरला तेव्हा पाच वर्षांचा होता, पायरीवर बसून तुकडे मोजत होता. झाडून काढलं, साधा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला आणि तुकडे राडारोड्याबरोबर देऊन आलो. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. गॅरेजचं काम चालू असताना तळघरातल्या बॉयलरमागे राहून गेलेली दीड लादी सापडली. ती तपासायला पाठवली. उत्तर 'होय' असं आलं.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवसांच्या अशा संपर्कानं धोका वाढतो तो थोडा, वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या तुलनेत फारच थोडा. सिगरेट ओढत असाल तर ती सोडा, आणि आपल्या कागदपत्रांत नोंद करून ठेवा. थोरला आता बाविशीत आहे. त्यालाही बसवून सांगितलं. "बाबा, मी सत्तावन्न तुकडे मोजले होते," एवढंच तो म्हणाला.

बॉयलरमागची दीड लादी त्याच कंपनीनं नेली. डेपोनीच्या वजनाची पावती घराच्या खरेदीखताच्या फायलीत लावली आहे. पुढे हे घर कुणी घेतलं तर त्याला दाखवायला. तिच्यामागे एक कोरा कागद जोडून त्यावर लिहून ठेवलं आहे: तळघर, जुलै २००८, अंदाजे बारा चौरस मीटर, पावती नाही.