फ्रेंच 'न्वार' : छोट्या कादंबऱ्या, काळा विनोद

'न्वार' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'काळा'. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने १९४५ मध्ये मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली 'सेरी न्वार' ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला सुरू केली. आरंभी तीत इंग्रजीतून अनुवादित पुस्तकांचाच भरणा होता. पुढे फ्रेंच लेखकांनी हा प्रकार आपलासा केला. जाँ-पात्रिक मांशेत (१९४२-१९९५) आणि पास्काल गार्निए (१९४९-२०१०) हे त्यांतील दोन ठळक लेखक.

गुन्हेगार कोण, हा प्रश्न येथे गौण ठरतो. सामान्य माणूस गुन्ह्यापर्यंत किती सहज पोहोचतो, हे महत्त्वाचे. मांशेत यांची १९७६ ची कादंबरी इंग्रजीत 'थ्री टू किल' या नावाने आली. तिचा नायक खाऊनपिऊन सुखी असलेला कंपनी अधिकारी आहे. मागावरच्या मारेकऱ्यांना संपवून तो मुकाट्याने जुन्याच चाकोरीत परततो. गार्निए यांच्या २००६ च्या कादंबरीत (इंग्रजीत 'हाउज द पेन?') आजारी, वृद्ध भाडोत्री मारेकरी आपला धंदा 'पेस्ट कंट्रोल'चा असल्याचे सांगतो. अखेरच्या कामगिरीसाठी तो एका भोळ्याभाबड्या तरुणाला मोटारचालक म्हणून सोबत घेतो.

दोघांचीही शैली कोरडी आहे. पात्रांच्या मनाची चिरफाड नाही की उपदेशही नाही. खून एखाद्या वाक्यात उरकतो. हळहळायला उसंतच मिळत नाही. वाचक हसतो आणि आपण नेमके कशाला हसलो, या विचाराने दचकतो. या छोटेखानी पुस्तकांची खरी ओढ त्या दचकण्यातच आहे.