कौल आणि कागद

पुण्याच्या पेठांची नावे आपण रोज घेतो; पण त्या पेठा वसल्या कशा, हे विचारणारा विरळा. सरकारने हुकूम काढला आणि वाणी-उदमी बिऱ्हाडे पाठीवर टाकून आले, असे कधी होत नसते. दुकानदार हा मोठा सावध माणूस. नव्या जागी गिऱ्हाईक नाही, शेजार नाही, चोराचिलटांचे भय मात्र आहे. त्याला तेथे आणायचे तर त्याच्या हाती काही द्यावे लागे. ते देण्याचे आपल्याकडील साधन म्हणजे कौल. पेठ वसविणाऱ्याने सरकारातून कौल मिळवावा. नव्याने येऊन जो घर बांधील, दुकान मांडील त्याला काही वर्षे जकात आणि मोहतर्फा माफ व्हावा. पुढे इस्ताव्याने, म्हणजे सालोसाल पायरी चढत, पुरा दस्त लागू व्हावा, अशी ही रीत होती. आजची शहरे उद्योगधंद्यांना सवलती जाहीर करतात तेव्हा आपल्याला ती नवी कल्पना वाटते. ती नवी नाही.

सवलत जाहीर होते ती सर्वांसाठी. पण ती आपल्याला लागू आहे, हे सिद्ध करावयाचे कोणी आणि कशाने? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मुंबईचा १६७७ सालचा एक कागद फार उपयोगी वाटतो. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

मुंबई बेट इंग्रजांच्या राजाला १६६१ च्या विवाहतहाने मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. राजाला ते नकोसे झाले होते, यात नवल नाही. दलदल, खारे वारे आणि ताप. दोन पावसाळे हेच तेथे माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्या शतकात इंग्रजांत रूढ झाली होती. अशा ठिकाणी व्यापारी आणावयाचे होते. कंपनीने पहिल्याच वर्षी धोरण ठरविले ते असे: येणाऱ्याला पाच वर्षे जकात माफ, विणकरांना माग पुरवावेत, आणि हे सर्व मोगलांच्या डोळ्यांवर न येईल अशा बेताने. शेवटची अट मोठी मासलेवाईक आहे! कारण बोलवावयाचे होते ते मोगलांच्याच सुरतेतील लोकांना. ती सुरत शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये लुटली होती, आणि तेथील सावकार सुरक्षित जागेच्या शोधात होते. गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने ही संधी ओळखली.

आता दीवचा एक वाणी व्यापारी, निमा पारख, पुढे येतो. १६७७ मध्ये त्याने मुंबईस येण्यासाठी आपली कलमे लिहून दिली. कंपनीने सवलती जाहीर केल्या होत्याच. त्या ऐकून तो निघाला नाही. त्याने स्वतःच्या हिशेबाने कौल मागितला. शहरात घर व वखार बांधण्यास बिनभाड्याची जागा. आपल्या वाड्यात कोणी जीवहत्या करू नये. आपल्या रीतीने लग्ने लावण्याची आणि प्रेते दहन करण्याची मोकळीक. कोणास बळेच ख्रिस्ती करू नये आणि कोणास वेठीस धरून ओझी वाहावयास लावू नये. ही दोन भये एका कलमात शेजारी शेजारी आली आहेत. ज्याने पोर्तुगीज अंमल पाहिला होता, त्याला ती लिहून घ्यावीशी वाटली, हे स्वाभाविकच.

पुढे पाहा. पहाऱ्याची पाळी नको. सरकारने जबरीने कर्ज मागू नये. कोर्टकज्जा निघाला तर आगाऊ सूचना दिल्यावाचून चारचौघांत अटक करून अब्रू घेऊ नये. वर्षभरात न खपलेला माल पुन्हा जकात न देता बाहेर नेता यावा. युद्धप्रसंगी किल्ल्यात वखार मिळावी. गव्हर्नराकडे गेले असता मानाने बसावयास सांगावे. पालखी, घोडा, छत्री वापरण्यास कोणी अडवू नये.

सुरतेच्या मंडळींनी ही कलमे मुंबईस अभिप्रायासाठी पाठविली. उत्तर आले त्यातील सूर असा, की यांपैकी पुष्कळ गोष्टी येथे सर्वांना आधीच मिळत आहेत. जो तो आपला धर्म पाळतो, दहनास कोणी कधी नाही म्हटलेले नाही, बाटविण्याची सक्ती कोणावर झालेली नाही. इंग्रज अधिकाऱ्याला वाटले असावे, की हा गृहस्थ उघड्या दारावर थाप मारतो आहे.

माझ्या मते निमा पारखाची दृष्टी अधिक खोल होती. रिवाज आणि कागद यांत अंतर असते. आजचा गव्हर्नर उदार आहे. उद्याचा कसा निघेल कोण सांगणार? खुद्द आँजियर त्याच वर्षी जून महिन्यात सुरतेस वारला.

हे अंतर मोठ्या व्यापाऱ्याला शब्दांनी भरून काढता येते, लहानाला नाही. आपल्या काळचेच पाहा. २०२० साली केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना काढली. तेव्हा तारणावाचून दहा हजारांपर्यंत पहिले कर्ज मिळे. पण हा मनुष्य खरोखर विक्रेता आहे, हे कोण म्हणणार? पालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र हवे. ते नसल्यास सर्वेक्षणात नाव हवे. तेही नसल्यास पालिकेचे शिफारसपत्र. नावे सुटतात हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणूनच ही तिसरी वाट ठेवली. तरी ती वाट पुन्हा पालिकेच्याच दाराशी जाते. वीस वर्षे त्याच कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईला सारा मोहल्ला ओळखतो. टेबलापलीकडच्या कारकुनाला मात्र ती अजून सिद्ध व्हावयाची असते.

निमा पारखाच्या कलमांतील दोन मी मुद्दाम मागे ठेवली. एकात तो म्हणतो, की कोणी माझे आणि इतर वाण्यांचेही देणे लागत असेल आणि सर्वांचे फेडण्यास असमर्थ असेल, तर माझा हक्क त्या वाण्यांच्या आधी धरावा. जकातमाफीचा भार निदान सरकारच्या तिजोरीवर पडतो. या सवलतीचा भार मात्र त्याच्याच जातीच्या, त्याच पेठेतल्या, त्याच्याहून लहान दुकानदारावर पडणार होता.

दुसरे कलम नारळ, सुपारी आणि विड्याची पाने यांचे. मक्त्याने दिलेला माल सोडून बाकीचा आपण व आपल्या माणसांनी बेटावर निर्वेध खरेदी-विक्री करावा, अशी मागणी आहे. जहाजांचा धनी, पालखीत बसणारा; पण पानसुपारीही लिहून घ्यावयास तो विसरला नाही. त्या वेळी मुंबईत पानांची टोपली पुढे घेऊन जे कोणी बसत असतील, त्यांनी आपली कलमे लिहून दिलेली नव्हती; त्यांची नावे त्या कागदात कोठे नाहीत.